कच्चा टाका

गुरुवारी संध्याकाळी पुस्तक परत आलं तेव्हा मी ते न चाळताच कपाटात सरकवणार होते. साडेसहा वाजून गेले होते, आभाळ खाली उतरलं होतं आणि पावसाचे चार थेंब पडले की आमच्याकडची लाइन पहिल्या पाच मिनिटांत जाते. पण परत आलेलं पुस्तक एकदा अंगठ्याखालून सोडून बघायची हाताला सवय लागली आहे. लोक पुस्तकात काय काय विसरतात! एसटीचं तिकीट, जिनिंगवरची काटापावती, कृषी केंद्राच्या उधारीची चिठ्ठी, एकदा तर हळद लागलेल्या अक्षता. तर पानं फर्रकन सुटली आणि मध्येच अडली. मला वाटलं, वरणाचा हात लागला असेल. आमचे वाचक जेवताना वाचतात आणि त्याबद्दल मी त्यांना कधी काही म्हणत नाही. मग बोटाला दोरा लागला. १४२ आणि १४३, समोरासमोरची दोन पानं, तीन बाजूंनी शिवून टाकलेली होती. दोरा आकाशी, शाळेच्या ओढणीच्या रंगाचा. बारीक धावदोरा, टाके जवळजवळ सारख्या अंतरावर, आणि गाठ आतल्या बाजूला लपवलेली. शिवणकाम येणाराच गाठ अशी लपवतो.

नियमांचा फलक माझ्या डोक्यावरच टांगलेला आहे. पाने फाडू नयेत, कोपरे दुमडू नयेत, पेनाने खुणा करू नयेत. शिवू नयेत असं त्यावर कुठेही लिहिलेलं नाही.

आमचं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची दीड खोली. सरकारी वर्गवारीत 'ड', म्हणजे शेवटून पहिले. अनुदान येतं तेव्हा येतं, आलं की मंजूर यादीतून पुस्तकं घ्यायची, दाखल नोंदवहीत क्रमांक टाकायचे, शिक्के मारायचे. अशाच एका गठ्ठ्यातून ही कादंबरी आली. कुणी मागवलेली नव्हती. अनुवादित आहे, नाव सांगत नाही, कारण पुढे त्यातलं कोण जातं ते सांगावं लागणार आहे आणि गावातल्या निम्म्या पोरींनी ती अजून वाचलेली नाही. बर्फाच्या देशातलं एक छोटं गाव, दोन मुली, एक मुलगा, तिघंही पंधरा-सोळाची. अर्ध्यावर एक मुलगी जाते. उरलेली दोघं आधी एकमेकांना टाळतात, मग भेटायला लागतात, तिच्याबद्दलच बोलत राहतात आणि बोलता बोलता एकमेकांत अडकतात. मग हे प्रेम ठेवायचं कुठे, हे त्यांना कळत नाही. एवढीच गोष्ट. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, कूलरमध्ये पाणी ओतता ओतता जीव जातो, आणि अशा दुपारी पोरी बर्फाचं वाचतात. एकीनं मला विचारलं होतं, "मॅडम, बर्फात पाय रुतते म्हंजे चिखलात रुतते तसंच काय?" मी म्हटलं, पेरणीच्या दिवसांत आपल्या काळ्या मातीत रुतते तसं. तिचं समाधान झालं. अनुवादकाला हे जमलं असतं की नाही कोण जाणे.

ही कादंबरी ठेवायची कुठे, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा घोळ. आमच्याकडे एक कपाट बालविभागाचं आणि बाकीची मोठ्यांची. बालविभागात 'किशोर'चे बांधीव अंक आहेत. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, त्यातले काही अंक माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत आणि माझ्यापेक्षा बऱ्या अवस्थेत आहेत. मोठ्यांच्या कपाटात राजे, सरदार, सासवा-सुना आणि खून. तेरा वर्षांची पोरगी पहिल्या कपाटापुढून उठते आणि थेट दुसऱ्या कपाटापुढे जाऊन उभी राहते. मधे काही नाही. मी ती कादंबरी दोन्ही कपाटांच्या मधल्या खिडकीत ठेवली. तिथे ऊन लागून तिचा कणा पांढरा पडलाय, पण तिथूनच ती सगळ्यात जास्त वेळा उचलली गेली.

१४२ वर काय आहे ते मला पाठ आहे. लेखकाने तिथे फार काही केलेलं नाही. फोन वाजतो, आई फोन घेते, आणि फोन कानाला लावून उभ्या असलेल्या आईची फक्त पाठ दिसते. बस.

पुस्तक मी घरी घेऊन आले. कात्री घेऊन बसले आणि तशीच बसून राहिले.

विदर्भातल्या गावातली गोष्ट आणि तिच्यात मरण म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच मरण येतं. ते आहेच, नाही कोण म्हणतं? पण आमच्याकडे माणसं बाकीच्या कारणांनीही मरतात, आणि त्या मरणांवर कुणी पुण्या-मुंबईहून यायचं नसतं, म्हणून ती लवकर जुनी होतात. माझी मैत्रीण मण्यारीने गेली. २००४ साल. त्या वर्षी अधिक श्रावण होता, पोळा पार सप्टेंबरात गेला होता, आणि अधिकातल्या एका रविवारी रात्री ती नेहमीसारखी मधल्या खोलीत खाली सतरंजीवर झोपली. आम्ही दोघी दहावीत. मण्यारीचं चावणं कळत नाही, हे मला पुष्कळ नंतर समजलं. सूज नाही, आग नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं, तर तिच्या आजीने ओवा दिला. मग तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, रात्रभर दुखलं म्हणून आता झोप लागतेय, बरं झालं. तिच्या आईने पोरांना अंगणात हाकललं. आवाज करू नका, ताई झोपली. शब्द फुटेनासे झाले तेव्हा कमांडर जीप शोधायला माणूस पळाला. दारव्ह्याला पोचेपर्यंत ती राहिली नाही.

त्या घरी मी गेले तेव्हा मला बसायला जागा नव्हती. जागा म्हणजे पाय ठेवायला जागा नव्हती असं नव्हे. मयताच्या घरी कोण कुठे बसतं हे ठरलेलं असतं. आई मधे, तिच्या एका अंगाला मावशी, दुसऱ्या अंगाला आत्या, मग चुलत्या, मग भावकी, मग गावच्या बाया. प्रत्येक नवीन बाई आली की आईच्या गळ्यात पडते आणि रडण्याची लाट पुन्हा उठते. मी कोण? मी दारातल्या रांजणापाशी उभी राहिले. एक बाई म्हणाली, "पोट्टे बाहेर काढा वं." मी बाहेर आले. माझं सुतक नव्हतं, मला दहावा नव्हता, तेरवीला मी इतर पोरींबरोबर पत्रावळीवर बसून जेवले आणि वाढणाऱ्याने बुंदीसाठी दोनदा आग्रह केला. सरकारात शेतकऱ्याचं मरण पात्र की अपात्र, ते समिती ठरवते. रडणाऱ्यांतलं पात्र कोण आणि अपात्र कोण, ते ठरवायला समितीही लागत नाही.

तरी मी दारापर्यंत तरी गेले. तो तर गावातही येऊ शकला नाही.

तो शेजारच्या गावचा, आमच्याच शाळेत, दुसऱ्या तुकडीत. त्या दोघांचं जे काही होतं ते सहा-सात चिठ्ठ्यांपलीकडे गेलेलं नव्हतं, आणि त्या सगळ्या माझ्या हातून गेलेल्या. लाँगबुकचं मधलं पान, त्याच्या चार घड्या, आणि कडेला भाताची शितं चुरडून चिकटवलेली. पोस्टमनने वाचू नये म्हणून, असं ती मला म्हणायची आणि हसायची. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिने मला एक चिठ्ठी दिली. तो त्या दिवशी आला नव्हता, मामाच्या शेतात डवरणीला गेला होता. "सोमवारी देजो," ती म्हणाली. मी ती कंपासपेटीत ठेवली, कोनमापकाखाली.

सोमवारी काय झालं ते वर लिहिलंय.

पंधरा दिवसांनी तो मला रुळांजवळ भेटला. तेव्हा शकुंतला चालत होती. मूर्तिजापूर-यवतमाळची आमची ती छोटी गाडी, जिचा गार्डच खाली उतरून फाटक लावायचा आणि गाडी पुढे गेली की पुन्हा चढायचा. शाळेतून घरी जाताना आम्ही रुळांच्या कडेने चालायचो, आता मी एकटीच चालत होते. तो मागून आला, दहा पावलं अंतर ठेवून. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती काही म्हने काय?" मला कळलं तो काय विचारतोय ते. मी सांगितलं. तिला त्याचं अक्षर आवडायचं. तो 'ळ' उलटा काढतो म्हणून ती हसायची. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, मी पुन्हा सांगितलं. आठवडाभरात माझ्याजवळचं खरं संपलं. मग मी रचून सांगायला लागले. ती असं म्हणाली होती, ती तसं म्हणाली होती. इतकं छान बोलायची ती माझ्या तोंडून! जिवंतपणी इतकं बोलली असती तर तिला कुणी घरातून बाहेर पाठवलं नसतं. तो खाली रुळाच्या गिट्टीकडे बघत ऐकायचा, कधी कधी त्याचा खालचा ओठ थरथरायचा, आणि मला कळायला लागलं की आता मी हे तिच्यासाठी सांगत नाहीये. त्याचा ओठ थरथरावा म्हणून सांगतेय. दुपारी शेवटचा तास सुरू झाला की माझ्या पोटात काहीतरी हलायला लागायचं. मी वेणीला दोन्हीकडे रिबिनी बांधायला लागले. आईने विचारलं, कुणासाठी वं? मी म्हटलं, शाळेत सांगितलंय.

त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी दाराला पळसाचे मेढे लावले, बैल आले, त्यांना पुरणपोळी दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं ओरडत गावाबाहेर निघाली. इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, ढेकूण-पिसवा घेऊन जा. मीही दारात उभी होते. काय घेऊन जा म्हणावं, ते मला सुचेना. दुःख म्हणावं तर त्याच्याच काठाने तो रोज येत होता.

कादंबरीतली ती दोघं १९० च्या आसपास कुठेतरी पहिल्यांदा हात धरतात आणि मुलगी घरी येऊन हात धुते, साबण लावून, दोनदा. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना डबे पुसले. आम्ही हातही धरला नव्हता. पण कंपासपेटीतली ती चिठ्ठी मी त्याला दिली नव्हती. पहिल्या आठवड्यात सुचलंच नाही, हे खरं आहे. दुसऱ्या आठवड्यात सुचलं. त्यानंतर रोज सुचत होतं. चिठ्ठी दिली असती तर तिचं खरं बोलणं त्याच्या हातात पडलं असतं, आणि मग माझ्या रचलेल्या बोलण्याची त्याला काय गरज उरली असती? पंधरा वर्षांच्या पोरीचा हा हिशेब. मी तिला माफ करायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे, कधी जमतं, कधी नाही. दहावी झाल्यावर तो आयटीआयला गेला, तिकडून नोकरीला. शकुंतला काही वर्षांनी बंद पडली. रुळांवर आता बाभळी आहेत.

लहानपणी आम्हाला मरणावर रडायची एकच सोय होती, आणि ती साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून करून ठेवली होती. आमच्या बाई चौथीत 'श्यामची आई' मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि अख्खा वर्ग मुसमुसायचा. पोरंसुद्धा. त्या रडण्याला कुणी हसत नसे. पण ते आईसाठी होतं, आईसाठी रडायला सगळ्यांनाच मुभा असते. मैत्रिणीसाठी, आणि जिच्याशी काही ठरलेलं नाही अशा मुलीसाठी, रडायचं कुठे बसून? मला पस्तिशीत एका परक्या देशातल्या, बर्फातल्या पुस्तकात ती जागा मिळाली. खुर्ची, टेबल, खिडकी, सगळं होतं तिथे. फार उशीर झाला असं मी म्हणणार नाही, पण थोडा लवकर झाला असता तर बरं झालं असतं.

तर गुरुवारी रात्री कात्री बाजूला ठेवून मी माळ्यावरची ट्रंक काढली. नवऱ्याने विचारलं, आता काय शोधतेस? मी म्हटलं, दहावीची गुणपत्रिका. कंपासपेटी तळाशी होती, बिजागरी गंजून घट्ट झालेली. झाकण उघडलं तेव्हा कोनमापक तसाच होता, पिवळा पडलेला. आणि चिठ्ठी उघडी होती. कुणी उघडली नव्हती. इतक्या वर्षांत कसरीने भाताची शितं खाऊन टाकली होती, कडेचा कागद जाळीदार करून ठेवला होता, आणि घड्या आपणहून सैल होऊन वर आल्या होत्या. मी बघायचं नाही म्हणता म्हणता एक शब्द दिसला तो दिसलाच. 'सोमवारी'. मी झाकण लावलं.

मंगळवारी ती आली, टाकेवाली. दहावीत आहे. आमच्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे जुलैत त्यांच्या वह्यांना अजून नव्या कव्हरांचा वास असतो. तिची आई ब्लाऊज शिवते, आता तेवढ्यावरच घर चालतं. का चालतं ते गावाला माहीत आहे आणि इथे लिहायचा मला हक्क नाही. ती खिडकीपाशी घोटाळत होती.

"पुस्तक कसं वाटलं?" मी विचारलं.

"चांगलं आहे. पोट्टा थोडा बावळट आहे."

"आणि ते पान?"

ती वरच्या फलकाकडे बघायला लागली. "दंड भरा लागन काय मॅडम?"

"दंड नाही गं. पण का शिवलंस?"

"थे मी नाही वाचलं. आधीच्या पानावरच समजलं होतं, आता होते म्हनून. मंग दोन पानं सोडून पाह्यलं, त सगळे रडूनच रायले होते. मंग कायले वाचाचं?"

"मग नुसतं सोडून द्यायचं. शिवायचं कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की एवढंही कसं कळत नाही. "पंख्यानं पानं उडतेत ना मॅडम. आपोआप उघडून जाते थे."

माझ्याने पुढे काही बोलवेना. देवघेवीच्या वहीत मी उगीच एका जुन्या नोंदीवरून पेन फिरवत राहिले. मग म्हटलं, "टाके काढू का मग?"

"राहू द्या ना. ज्याले वाचाचं आहे थो उसवून घेईन. कच्चाच टाका हाये." आणि तिने खिडकीतलं दुसरं पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं, मागचा मजकूर वाचला, मग थोड्या संशयाने विचारलं, "ह्याच्यात कोनी मरते काय?"

"एक म्हातारा. पण शेवटी."

"म्हातारा चालते," ती म्हणाली आणि सही केली.

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तो रोज सकाळी सहाला त्यावर गुलाबाच्या फुलाखाली 'शुभ सकाळ' पाठवतो. दोन पोरं आहेत, पोट सुटलंय, फोटोत चष्मा दिसतो. कधी काळी ज्याच्या ओठाच्या थरथरण्यावर माझी दुपार टांगलेली असायची, त्याचा गुलाब मी रोज न बघता पुढे सरकवते. चिठ्ठी त्याची आहे. याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

त्या रात्री मी सुई-दोरा घेऊन बसले. आकाशी दोरा घरात नव्हता, पांढरा होता. पुस्तकाला एक बाजू तरी बांधलेली असते. घड्या घातलेल्या चिठ्ठीच्या चारही बाजू मोकळ्या, आणि कसरीने खाल्लेला कागद सुईने आणखी फाटतो, त्यामुळे टाका कडेपासून बराच आत घ्यावा लागला. वाकडातिकडा झाला. मला तिच्यासारखं शिवता येत नाही, गाठही वरच राहिली. त्याला अजून काही कळवलेलं नाही. दोरा कच्चाच घातलाय.